एकदा समागम झाल्यावर मादी पुन्हा पुन्हा नर का शोधते? (कीटकांबद्दल)

रानवेडी (धागाकर्ती)

रातकिड्यांचे आवाज टिपायचे म्हणून गेले दोन महिने काचेच्या पेटीत काही रातकिडे पाळले आहेत. परवा रात्री टॉर्चला लाल कागद लावून बघत बसले होते. एरवी कर्कश वाजणारा नर मादी जवळ आल्यावर एकदम हळू, टिकटिक केल्यासारखा वाजायला लागला. मादी मागून त्याच्या पाठीवर चढली. मिनिटभरात दोघं वेगळे झाले, तेव्हा तिच्या शेपटाशी एक पांढरा मणी चिकटलेला होता. खसखशीपेक्षा मोठा, मोहरीपेक्षा लहान. थोड्या वेळाने ती वाकली, तो मणी तोंडाने ओढून काढला आणि चक्क खाल्ला!

खरं नवल पुढेच आहे. तिच्या पाठीवर मी हिरव्या रंगाचा ठिपका दिला होता, म्हणून ओळखता आली. दुसऱ्या रात्री तीच मादी दुसऱ्या नराकडे गेली. तिसऱ्या रात्री आणखी एकाकडे.

नर अनेक माद्यांमागे का लागतो ते कळतं. जितक्या माद्या, तितकी पिल्लं. पण मादीचं काय? अंडी तिच्याच पोटात तयार होतात, त्यांची संख्या तिच्या अंगातल्या ताकदीवर ठरते. एका समागमात मिळालेले शुक्राणू ती साठवूनही ठेवते. वर प्रत्येक समागमात वेळ जातो, शिकाऱ्याच्या नजरेत यायची भीती, रोग लागायची भीती. एवढं सगळं सोसून तिला मिळतं काय? जाणकारांनी लिहावं.

सहजच

मीही आजवर हेच धरून चाललो होतो की मादीला एकदाच पुरतं. वाचतोय.

प्रयोगवही

रानवेडी, तुम्ही जे कोडं मांडलंय त्याचं मूळ एका जुन्या प्रयोगात आहे. 1948 साली अँगस बेटमन यांनी ड्रोसोफिला या फळमाशीवर काम केलं. बाटल्यांत काही नर, काही माद्या सोडल्या. प्रत्येक माशीत डोळ्यांना जाणवेल असा एखादा आनुवंशिक दोष होता, म्हणजे पिल्लावरून आईबाप ओळखता यावेत. निष्कर्ष असा निघाला की जोडीदार वाढले की नराची संतती वाढते, मादीची फारशी वाढत नाही. पुढे 1972 मध्ये रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी पालकांच्या गुंतवणुकीचा सिद्धांत मांडला (पिल्लांमागे जो जास्त खर्च करतो, तो जोडीदार निवडताना जास्त चोखंदळ) आणि 'नर उतावळा, मादी चोखंदळ' हे चित्र पाठ्यपुस्तकांत पक्कं होऊन बसलं.

ते चित्र अगदीच खोटं नाही, पण अर्धवट आहे. 2012 मध्ये पॅट्रिशिया गोवाटी आणि सहकाऱ्यांनी बेटमनचा प्रयोग पुन्हा करून पाहिला. आई आणि बाप दोघांचेही दोष ज्या पिल्लांत एकत्र आले ती जास्त प्रमाणात मरत होती. म्हणजे ज्या पिल्लांवरून आईबाप ओळखायचे, तीच मोजणीत येत नव्हती. पायाच कच्चा निघाला.

दुसरीकडे 2000 साली गोरान आर्नक्विस्ट आणि टीना निल्सन यांनी कीटकांवरचे 122 प्रयोग एकत्र करून तपासले. त्यात दिसलं की एकापेक्षा जास्त वेळा समागम केल्याने मादीची आयुष्यभरातली संतती साधारण 30 ते 70 टक्क्यांनी वाढते. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा ती ओळ दोनदा वाचली होती. ज्या जातींत नर खाऊ देत नाही, तिथे वारंवार समागमाने मादीचं आयुष्य कमी होतं, हेही त्यांनीच दाखवलं. तरी गोळाबेरीज मादीच्या बाजूची.

निशाचर

"नर खाऊ देत नाही" म्हणजे काही जातींत देतो?

प्रयोगवही

देतो की! रानवेडींच्या मादीने खाल्ला तो मणी म्हणजे शुक्राणूंची कुपी. रातकिड्यांच्या चुलतघराण्यात, लांब मिशांच्या नाकतोड्यांत, या कुपीला पांढऱ्या जेलीचा मोठा गोळा लागलेला असतो. काही जातींत त्याचं वजन नराच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाएवढं भरतं. मादी तो गोळा खाते, त्यातली प्रथिनं अंड्यांत जातात, आणि ती खाण्यात गुंतलेली असेपर्यंत शुक्राणू आत उतरतात. दोघांचंही काम होतं.

डान्स फ्लाय नावाच्या माश्यांची तर आणखी मजा. त्यातल्या एका जातीत, ऱ्हॅम्फोमायिया लाँजिकॉडामध्ये, मादी स्वतः शिकार करतच नाही. नर एखादा किडा पकडून आणतो आणि समागमाच्या वेळी तिला देतो. तिच्या अंड्यांना लागणारं प्रथिन केवळ या मार्गाने येतं. म्हणून तिथे माद्याच हवेत थवा करून, पोट फुग्यासारखं फुगवून नरांना आकर्षित करतात. तिथे 'मादीला पुन्हा समागमाची गरज काय' हा प्रश्नच उलटा पडतो.

ओलीसावली

नर म्हणजे चालताफिरता डबा झाला हो! मुलीला वाचून दाखवलं, ती म्हणाली, "मग ती रोज भूक लागली की जाणारच ना."

प्रयोगवही

तुमच्या मुलीचं बरोबर आहे, ओलीसावली. भुकेसारखीच तहानही चालते. कडधान्यात होणारा भुंगा बघा, कॅलोसोब्रुकस. कोरड्या दाण्यात जन्म, मोठं झाल्यावर बहुतेक वेळा खाणं नाही, पिणं नाही. नराच्या वीर्यात पाणी बरंच असतं. प्रयोगात ज्या माद्यांना पाणी दिलं नाही, त्यांनी पाणी मिळालेल्या माद्यांपेक्षा जास्त वेळा समागम केला.

शंकेखोर

थांबा, थांबा. सगळं फारच गोडगोड चाललंय. त्याच कडधान्याच्या भुंग्याची दुसरी बाजू सांगितलीच नाहीत. नराच्या लिंगावर काटे असतात आणि समागमात मादीला आतून जखमा होतात. ती मागच्या पायांनी त्याला लाथा मारते, त्या उगाच नव्हे.

ढेकणांत तर नर मादीच्या पोटाची कातडी भोसकून शुक्राणू आत सोडतो. फळमाशीच्या वीर्यातली प्रथिनं मादीला अंडी घालायला लावतात, दुसऱ्या नराबद्दल अनिच्छा निर्माण करतात, आणि तिचं आयुष्यही घटवतात. हे ट्रेसी चॅपमन आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये दाखवलं. याला फायदा कसा म्हणायचा? मला तर वाटतं, पुष्कळ ठिकाणी मादी पुन्हा समागम करते ते केवळ नकार देणं जास्त महाग पडतं म्हणून.

तळ्याकाठी

शंकेखोर यांच्याशी सहमत, आणि हे मी डोळ्यांनी पाहिलंय. साचलेल्या पाण्यावर लांब पाय पसरून सरकणारे किडे असतात ना, वॉटर स्ट्रायडर, त्यांना मी तासन्‌तास बघत बसतो. नर झेप घेऊन मादीच्या पाठीवर बसतो. ती कोलांट्या मारते, पाण्यावर गरगर फिरते, त्याला झटकते. सुटली की दहा-बारा सेकंदांत दुसरा हजर. ज्या दिवशी नर फार असतात त्या दिवशी ती झटापट लवकर सोडून देते. पाठीवर एक नर बसलेला असला की बाकीचे तिला फारसा त्रास देत नाहीत, मग ती निवांतपणे पाण्यात पडलेल्या किड्यांकडे वळते. म्हणजे हो म्हणण्यातही तिचा हिशोब आहे, पण तो नुकसान कमी करण्याचा.

प्रयोगवही

शंकेखोर, तुमचा मुद्दा पूर्ण मान्य. अभ्यासकांनी याला सोयीचं बहुपतित्व म्हटलं आहे. तुम्ही दिलेली उदाहरणंही खरी. माझं म्हणणं इतकंच की एका जातीचं उत्तर दुसरीला लावू नये. ढेकणाचं गणित वेगळं, मधमाशीचं वेगळं. मधमाशीच्या बाबतीत तर जबरदस्तीचा प्रश्नच येत नाही. राणी स्वतः उडून नरांच्या घोळक्यात जाते. कोणी मधपाळ आहेत का इथे?

पिलावाकोठी

आहे ना! पंधरा वर्षं पेट्या सांभाळतोय.

राणीमाशी जन्मल्यावर पहिल्या दोनेक आठवड्यांत उंच उडून नरांशी समागम करते. एखाददुसरा नाही, युरोपीय मधमाशीत साधारण दहा ते वीस. आग्या मोहोळाच्या राणीत तर शंभराच्या आसपास नरांची संतती आढळली आहे. समागम होताच नर मरतो. मग राणी पोळ्यात परत येते आणि पुढे दोन-तीन वर्षं, हंगामात दिवसाला हजार-दीड हजार अंडी त्याच साठ्यावर घालते. पुन्हा समागम नाही.

आता शुक्राणू कमी पडतात म्हणून ती इतके नर घेते का? नाही. एका नराकडेच कित्येक दशलक्ष शुक्राणू असतात. तिच्या शुक्रपेटीत साठतात तेही पाच-सहा दशलक्षच. मिळालेले बहुतेक ती टाकूनच देते. म्हणजे तिला ढीग नको, मिसळण हवी.

का, ते माझ्या एका पेटीने मला शिकवलं. एक राणी नेमकी सततच्या पावसात तयार झाली, जेमतेम एक-दोनदा बाहेर उडू शकली. पुढे पिलाव्याची, म्हणजे वाढणाऱ्या अंडी-अळ्यांची, चौकट बाहेर काढली तर चाळणीसारखी! चांगल्या पिलाव्यात झाकलेले कप्पे सलग, भरीव दिसतात. इथे एक भरलेला, एक रिकामा, दोन भरलेले, पुन्हा रिकामा. आधी रोग समजून तपासलं. रोग नव्हता, माइट (बारीक परजीवी) नव्हते. कामकरी माशाच कप्प्यांतून कोवळ्या अळ्या काढून खात होत्या.

निशाचर

अरे देवा. का?

पिलावाकोठी

कारण त्या अळ्या चुकीच्या नर होत्या. मधमाशीत फलन न झालेल्या अंड्यातून नर होतो, फलन झालेल्यातून मादी. पण यात एक जनुक आहे, ज्याच्या अनेक आवृत्त्या असतात. आईकडून आणि बापाकडून वेगवेगळ्या आवृत्त्या आल्या तर मादी होते. दोन्हीकडून तीच आवृत्ती आली तर फलन होऊनही नर तयार होतो, जो वसाहतीच्या काही कामाचा नसतो. कामकरी माशा तो ओळखतात आणि संपवतात.

समजा राणीने एकाच नराशी समागम केला आणि नेमकी त्याची आवृत्ती तिच्या दोनांपैकी एकीशी जुळली, तर तिची निम्मी फलित अंडी वाया! पंधरा नर असतील तर त्यातले एक-दोन जुळतील, बाकीचे सांभाळून घेतील. सगळी अंडी एका टोपलीत ठेवायची नाहीत, हे इथे शब्दशः खरं आहे. त्या पेटीत दुसरी राणी घातली, पुढच्या पिढीचा पिलावा भरीव आला.

आणि हा फक्त एक फायदा. वेगवेगळ्या बापांच्या मुली वेगवेगळ्या स्वभावाच्या असतात. पिलाव्याला साधारण 34 ते 36 अंश सेल्सिअस तापमान लागतं. उकाडा वाढला की माशा पंखांनी वारा घालतात. काहींना लवकर उकडतं, काहींना उशिरा, म्हणून सगळ्या एकदम सुरू होत नाहीत आणि एकदम थांबतही नाहीत, तापमान डोलत नाही. 2004 मध्ये हे प्रयोगाने दाखवलं गेलं. 2007 मध्ये हेदर मॅटिला आणि टॉमस सीली यांनी 15 नरांचे शुक्राणू दिलेल्या राण्यांच्या वसाहती आणि एकाच नराच्या वसाहती शेजारी ठेवल्या. अनेक बापांच्या वसाहतींनी पोळं जास्त बांधलं, साठा जास्त केला.

शंकेखोर

पिलावाकोठी, मस्त लिहिलंत. पण एक शंका राहतेच. एकाच बापाच्या मुली असतील तर मधमाशीत सख्ख्या बहिणींत तीन चतुर्थांश नातं असतं, म्हणजे सरासरी तेवढी जनुकं सामाईक. बाप बदलला की ते एक चतुर्थांशावर येतं. मग कामकरी माशांनी स्वतःची अंडी सोडून सावत्र बहिणींसाठी का राबावं? समाज मोडायला हवा.

प्रयोगवही

हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. 2008 मध्ये विल्यम ह्यूज आणि सहकाऱ्यांनी मुंग्या, मधमाश्या, गांधीलमाश्या यांची वंशावळ लावून पाहिली. जिथे जिथे समाज पहिल्यांदा उभा राहिला, तिथे तिथे मूळ पूर्वज मादी एकाच नराची होती. अनेक नर नंतर आले, कामकरी स्वतंत्रपणे संसार थाटू शकत नाहीत अशी अवस्था आल्यावर. आधी नात्याने घर बांधलं, आणि ते मोडण्यासारखं उरलं नाही तेव्हा विविधता परवडली.

भुंगमाशी, म्हणजे बंबलबीची एक सामान्य जात, आजही बहुधा एकाच नराची असते. तिला प्रयोगशाळेत मुद्दाम अनेक नरांचे मिश्र शुक्राणू दिले तर वसाहतीत परजीवी कमी झाले. फायदा आहे, तरी ती घेत नाही. त्याचं एक कारण नराने समागमानंतर तिच्या जननमार्गात मागे सोडलेलं बूच. त्यातला एक मेदाम्ल तिची इच्छाच मारतो.

पंखभर

बूच वरून आठवलं. मी फुलपाखरं वाढवते. हिरव्या शिरांचं पांढरं फुलपाखरू, पिएरिस नापी, याचा नर समागमात मादीला स्वतःच्या वजनाच्या सुमारे 15 टक्के एवढी शुक्रपिशवी देतो. पोषण त्यातच. जास्त नरांशी समागम केलेल्या माद्या जास्त जगतात आणि जास्त अंडी घालतात. नराला मात्र आपल्यानंतर दुसरा नको असतो, म्हणून तो मादीला मेथिल सॅलिसिलेट फासून जातो. हातापायाला चोळायच्या मलमाला जो वास येतो ना, तोच. इतर नर तो हुंगून लांब राहतात. ताज्या समागमानंतरची मादी मी नाकाजवळ धरून पाहिली आहे. पुसट का होईना, वास आला! इतका आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

रानातल्या मादीने किती समागम केले हे कसं कळतं तेही सांगते. फुलपाखराच्या मादीच्या पोटात एक पिशवी असते, त्यात प्रत्येक समागमाच्या शुक्रपिशवीचा अवशेष शिल्लक राहतो. मेलेल्या मादीचं पोट सूक्ष्मदर्शकाखाली उघडलं की ते चुरगळलेल्या टोप्यांसारखे एकावर एक दिसतात. मोजायचे फक्त.

आणि युटेथायसा ऑर्नाट्रिक्स या पतंगाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. याच्या अळ्या तागाच्या जातकुळीतली झाडं खातात आणि त्यातलं कडू विष अंगात साठवतात. समागमात नर ते विष मादीला देतो. ती स्वतः वाचते, अंड्यांनाही वाटून देते. असा पतंग जाळ्यात अडकला तर कोळी त्याच्याभोवतीचे धागे कापून त्याला सोडून देतो. थॉमस आयस्नर यांनी यावर कित्येक वर्षं काम केलं. मादी अनेक नर घेते, आणि शेवटी बहुतेक अंडी फळतात ती सगळ्यांत मोठ्या नराच्या शुक्राणूंनी, मग तो पहिला असो की शेवटचा. आधी घेऊन ठेवायचं, निवड नंतर आत.

तळ्याकाठी

आत निवड! आणि नरही गप्प बसत नाहीत. टाचणीचा, म्हणजे चतुराच्या नाजूक भावंडाचा नर आधीच्या नराचे शुक्राणू खरवडून बाहेर काढतो, मग स्वतःचे ठेवतो. जोनाथन वागे यांनी 1979 मध्ये दाखवलं. शेणमाशीत दुसऱ्या नराला साधारण 80 टक्के अंडी मिळतात, हे जेफ्री पार्कर यांचं.

सहजच

पण सगळ्याच माद्या असं करतात का?

प्रयोगवही

नाही. आणि त्याचा माणसाने मोठा उपयोग केला आहे. जनावरांच्या जखमेत अंडी घालणारी स्क्रूवर्म माशी आयुष्यात एकदाच समागम करते. एडवर्ड निपलिंग यांनी विचार केला, वांझ केलेले नर भरमसाट सोडले तर? 1954 मध्ये कुरासाव बेटावर ती माशी अशीच नाहीशी केली.

उलट टोकाचं उदाहरण म्हणजे ड्रोसोफिला स्यूडोऑब्स्क्युरा. हिच्या काही नरांत एक स्वार्थी एक्स गुणसूत्र असतं, ते वाय असलेले शुक्राणू निकामी करतं. अशा नराच्या सगळ्या मुलीच. पण त्याचे शुक्राणू निम्मेच उरतात, स्पर्धेत हरतात. म्हणून मादीने दुसराही नर घेतला तर ती त्या सापळ्यातून सुटते. असे नर मिसळलेल्या वसाहतीत 10 पिढ्यांत माद्या लवकर लवकर पुन्हा समागम करायला लागल्या, असं टॉम प्राइस आणि सहकाऱ्यांना दिसलं.

ओलीसावली

एक विनंती. याचा आधार घेऊन कोणी माणसांवर घसरू नये. इथपर्यंत चर्चा सुरेख झाली आहे.

शंकेखोर

+१. आणि आता मूळ प्रश्नाकडे या. रानवेडींच्या हिरव्या ठिपक्याच्या मादीला नेमकं काय मिळालं?

प्रयोगवही

बरं झालं आठवण केलीत. रातकिड्याचा मणी लहान, त्यातून पोषण फार नाही. शुक्राणू पूर्ण उतरायला सुमारे तासभर लागतो. मादी तो कधी काढून खाते यावर त्या नराला किती वाटा मिळणार हे ठरतं. नावडता असेल तर लवकर काढते. म्हणून पुष्कळदा नर समागमानंतर तिच्याभोवती पहारा देतो.

टॉम ट्रेगेंझा आणि नीना वेडेल यांनी 1998 मध्ये दाखवलं की तेवढेच समागम एकाच नराशी केलेल्या माद्यांपेक्षा वेगवेगळ्या नरांशी केलेल्या माद्यांची अंडी जास्त फुटतात, म्हणजे त्यांतून पिल्लं जास्त निघतात. 2002 मध्ये पुढचं पाऊल टाकलं. मादीला फक्त सख्खे भाऊ दिले तर अंडी कमी फुटतात. पण एक भाऊ आणि एक परका दिला तर जवळजवळ दोन परक्यांइतकीच फुटतात. शिवाय स्पेनच्या उत्तरेला एका कुरणात रोलांडो रॉड्रिगेझ-मुन्योझ आणि ट्रेगेंझा यांनी रातकिड्यांच्या बिळांवर कॅमेरे लावले, सगळ्यांचा डीएनए घेतला. 2010 मध्ये निकाल आला. जास्त जोडीदार असलेल्या नरांचीच नव्हे, माद्यांचीही पुढची पिढी जास्त होती. अगदी उघड्यावर, कोणी डांबून न ठेवता.

रानवेडी, तुमचे रातकिडे एकाच पिढीतले, भाऊबहिणी आहेत का?

रानवेडी

आधी सगळ्यांना मनापासून धन्यवाद. दोनदा वाचून काढलं.

हो! बहुतेक एकाच मादीची पिल्लं आहेत. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ओळखीच्या एकांकडून चार परके नर आणले आणि काल त्यांना लाल ठिपके दिले. रात्री साडेअकराला हिरवी लाल ठिपक्याच्या एकाकडे गेली. मी घड्याळ लावून बसले. आधीच्या भावाचा मणी तिने बारा मिनिटांत खाल्ला होता. या परक्याचा मणी पाऊण तास झाला तरी तसाच. तो तिच्याभोवती मिशा हलवत फिरत होता, ती कोपऱ्यात शांत बसून होती.

एका जोडीवरून काही ठरत नाही, हे कळतं. म्हणून आज अजून एकदाही समागम न झालेल्या आणखी माद्या वेगळ्या काढून दोन डबे केले आहेत. एका डब्यातल्या माद्यांना तोच भाऊ तीन रात्री, दुसऱ्यातल्यांना तीन रात्री तीन परके. दोन्हींत अंडी घालायला ओल्या वाळूची वाटी ठेवली आहे. साधारण दोन आठवड्यांत अंडी फुटायला लागतात. मोजून इथेच लिहीन.

पिलावाकोठी

वाळू वाळू देऊ नका. रोज सकाळी फवारा मारा.